भाचा ५ वर्षांचा असताना अमेरिकेत आला, आता २६ चा आहे. डाका (लहानपणी इथे आणलेल्यांना तात्पुरतं राहू-काम करू देणारी सवलत) अडकलंय. सिटिझनशिपचा काही मार्ग आहे का?

एडिसनची_मृणाल (रविवार, रात्री ११:५२)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझ्या नणंदेचं कुटुंब २००४ मध्ये न्यूजर्सीला व्हिजिटर व्हिसावर आलं, तेव्हा भाचा ५ वर्षांचा होता. सहा महिन्यांचा स्टे मिळाला होता. कोणीतरी कन्सल्टंट भेटला, म्हणाला एच-१ (नोकरीचा व्हिसा) करून देतो, पैसे घेतले आणि गायब झाला, आणि मग आज जाऊ उद्या जाऊ करता करता २० वर्षं झाली. त्यांची धाकटी मुलगी इथेच २००६ ला जन्मली, म्हणजे ती सिटिझन. एका घरात चार माणसं आणि पासपोर्ट दोन देशांचे.

भाच्याने २०१४ मध्ये डाकासाठी अर्ज करायला हवा होता, सगळ्या अटींत बसत होता. पण वन्सं घाबरल्या, म्हणाल्या आपणहून सरकारला घरचा पत्ता कशाला द्यायचा. मग २०१७ ला ट्रम्प सरकारने बंद करायची घोषणा केली तेव्हा वाटलं बरं झालं नाही केला. २०२० च्या डिसेंबरात कोर्टाने नवे अर्ज परत सुरू केले तेव्हा मी अक्षरशः मागे लागून फॉर्म भरून घेतला, २०२१ च्या फेब्रुवारीत ४९५ डॉलर भरले, जूनमध्ये बोटांचे ठसे झाले आणि १६ जुलैला टेक्ससच्या जजचा निकाल आला की नवीन कोणालाच मंजूर करू नका. तेव्हापासून अर्ज पेंडिंग. ठसे दिलेत, पत्ता दिलाय, मिळालं काहीच नाही, म्हणजे वन्संचंच खरं झालं असं त्या दर दिवाळीला मला ऐकवतात.

मुलगा हुशार आहे, कॉम्प्युटरची डिग्री आहे (इथे इन-स्टेट फी लागली म्हणून जमलं), पण वर्क परमिट नाही म्हणून कुठे अप्लाय करता येत नाही. मराठी छान बोलतो, आमच्या गणपतीत आरतीला सगळ्यात मोठा आवाज त्याचा. त्याला भारताची आठवण म्हणजे साताऱ्याच्या घरातला झोपाळा, बस, बाकी काही नाही.

प्रश्न साधा आहे. याला सिटिझनशिप कधीतरी मिळेल का? का असंच? आणि सध्या जे वातावरण आहे त्यात नुसतं गप्प बसणं बरं का?

रांगेतला_माणूस (सोमवार, सकाळी ७:१५)

ताई राग मानू नका पण स्पष्ट लिहितो. आम्ही २००८ ला आलो, सगळं नियमाने, टॅक्स भरला, एकदाही स्टेटस सोडलं नाही. ईबी-२ ची (नोकरीवरून ग्रीन कार्डची कॅटेगरी) प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची तारीख, २०१४ ची, भारतीयांची रांग हलत नाही कारण कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांच्या वर ग्रीन कार्ड देत नाहीत. मोठी मुलगी ३ वर्षांची आली होती, पुढच्या वर्षी २१ होईल. २१ झाली की एच-४ (एच-१ वाल्याच्या बायकोमुलांचा व्हिसा) संपला, माझ्या अर्जातून तिचं नाव बाहेर. मग एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) काढा, तिप्पट फी भरा, नाहीतर ज्या देशात तिने दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या घालवल्यात तिथे परत जा. आणि गंमत म्हणजे डाका तिला लागूच होत नाही, कारण अटच अशी की १५ जून २०१२ ला तुमच्याकडे कायदेशीर स्टेटस नसायला हवं होतं! म्हणजे नियमाने आलेल्या मुलांना डाका मुळातच बंद (माझी मुलगी तर २००७ नंतर आली म्हणून तशीही बसत नाही). कायदा पाळणारा वेडा, हेच शिकायचं का मुलांनी?

वसुधा_पेपरवाली (सोमवार, सकाळी ९:४०)

मी वकील नाही हे आधीच सांगते, पण १४ वर्षं एका इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात फॉर्म भरतेय, त्यामुळे अशा केसेस रोज बघते. मृणाल, डाका, डाका करून सगळे डोकं फोडतात (नावच असं, मराठी माणसाला दरोडाच आठवतो) पण डाकाने सिटिझनशिप मिळतच नाही. ज्यांना २०१२ मध्ये मिळालं त्यांनाही नाही. दोन वर्षं तुम्हाला हाकलणार नाही आणि काम करा, एवढंच ते कागदावर. दोन वर्षांनी परत भरा, आता ऑनलाइन ५५५ डॉलर. एके काळी जवळजवळ ७ लाख लोकांकडे होतं, आता ५ लाखांच्या आसपास राहिलेत, आणि नवीन कोणी आत येत नाही. १५ जून २००७ च्या आधीपासून इथे असायला हवं ही अट असल्यामुळे आज शाळेत असलेली बहुतेक मुलं तशीही बसत नाहीत.

खरा मार्ग संसदेतून यायला हवा होता तो कधी आलाच नाही. ड्रीम ॲक्ट (अशा मुलांना सिटिझनशिपचा मार्ग देणारं बिल) पहिल्यांदा २००१ ला मांडला, सिनेटर डर्बिन आणि हॅच, एक डेमोक्रॅट एक रिपब्लिकन. २०१० ला हाऊसमध्ये (खालच्या सभागृहात) पास झाला, सिनेटमध्ये ५५ मतं पडली आणि लागत होती ६०. पाच मतं! २०१३ ला सिनेटने ६८ विरुद्ध ३२ ने मोठं बिल पास केलं तर हाऊसने मतदानालाच घेतलं नाही. २०१८ ला ट्रम्पच्याच पहिल्या कारकिर्दीत १८ लाख लोकांना सिटिझनशिप आणि बदल्यात मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी २५ अब्ज डॉलर असा सौदा होता, तोही पडला. २०२१ ला हाऊसमध्ये परत पास, २२८ विरुद्ध १९७, सिनेटमध्ये काही नाही. म्हणून "कायदा येईल" या आशेवर मुलाचं वय घालवू नका एवढंच मी म्हणेन.

रांगेतला_माणूस, तुमचं दुःख खोटं नाही, आमच्याकडे दर महिन्याला अशी दोन-तीन कुटुंबं येतात. पण २०२१ च्या त्याच बिलात एच-१ वाल्यांच्या मुलांनाही घेतलं होतं. म्हणजे मृणालचा भाचा आणि तुमची मुलगी एकाच बिलात होते आणि एकाच सिनेटने दोघांना लटकवलं. भांडण लावून घेऊ नका आपापसात.

आता कामाचं. मृणाल, मला एकच गोष्ट सांग: तो विमानाने व्हिसावर आला, ऑफिसरने शिक्का मारला, हे नक्की का? जुना पासपोर्ट आणि त्यात स्टेपल केलेलं पांढरं आय-९४ कार्ड (आत येताना देतात ते, एंट्रीची नोंद) कुठे आहे? आणि लग्न झालंय का?

चहाबिस्कीट (सोमवार, सकाळी १०:०५)

कॅनडाला का नाही जात? माझा चुलत भाऊ एक्सप्रेस एंट्रीने (तिथली इमिग्रेशन स्कीम) गेला, सहा महिन्यात पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी.

वसुधा_पेपरवाली (सोमवार, सकाळी १०:३०)

@चहाबिस्कीट जाऊ शकतो, पण जायच्या आधी समजून जायला हवं. १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून त्याचे बेकायदा राहण्याचे दिवस मोजले जातायत. (१८ च्या आधीचे मोजत नाहीत, ते लहान मुलाच्या माथी मारत नाहीत.) एक वर्षाच्या वर झालं की देश सोडल्या क्षणी १० वर्षांची बंदी लागते. राहिला तर बंदी नाही, गेला की लागली, असा तो उलटा कायदा आहे. आईवडील, बहीण सगळे इथे, आणि १० वर्षं यायचं नाही. काहींनी तो निर्णय विचार करून घेतलाय आणि आज टोरोंटोत सुखात आहेत, मी वाईट म्हणत नाही. पण आजी आजारी आहे म्हणून घाईत तिकीट काढून गेलेला एक मुलगा मी बघितलाय, तो अजून तिकडेच आहे.

एडिसनची_मृणाल (सोमवार, दुपारी १:२०)

वसुधाताई, नेवार्कला उतरले हे नक्की, माझे मिस्टरच घ्यायला गेले होते. पासपोर्टचं वन्संना विचारते, त्या असले कागद कुठे ठेवतात देव जाणे.

लग्न नाही झालेलं पण... मैत्रीण आहे. चार वर्षं झाली. पोर्तो रिकोची आहे, नर्स आहे, मुलगी फार गोड आहे. वन्संना अजून पचलेलं नाही, त्यांना आपल्यातली हवी आहे. मी म्हटलं आपल्यातल्या मुलीचे आईवडील आधी ग्रीन कार्ड विचारतात, तर गप्प बसल्या. पण लग्न पेपरसाठी करायचं हे त्यालाच पटत नाही, म्हणतो ती म्हणेल मी कार्डासाठी केलं.

आणि धाकटी भाची पुढे २१ ची होईल तेव्हा ती सगळ्यांना करू शकते ना स्पॉन्सर? वन्सं त्याच भरवशावर आहेत.

वसुधा_पेपरवाली (सोमवार, रात्री ९:१०)

अगं मग एवढा वेळ काय सांगत नव्हतीस! पोर्तो रिको म्हणजे जन्मतः अमेरिकन सिटिझन.

नीट वाच. व्हिसावर तपासणी होऊन आत आलेला माणूस आणि सीमा ओलांडून आलेला माणूस, दोघेही आज "आउट ऑफ स्टेटस" दिसतात, पण कायद्याच्या डोळ्याला दोघांत जमीनअस्मानाचा फरक आहे. जो शिक्का घेऊन आला त्याचं सिटिझनशी लग्न झालं तर तो इथेच राहून ग्रीन कार्डचा अर्ज करू शकतो, आय-१३० (बायकोने नवऱ्यासाठी भरायचा फॉर्म) आणि आय-४८५ (त्याचा स्वतःचा ग्रीन कार्डचा फॉर्म) एकत्र. व्हिसा २१ वर्षांपूर्वी संपला, मध्ये परमिट नसताना काम केलं, हे नवरा-बायकोच्या केसमध्ये आड येत नाही. देश सोडायचा नाही म्हणून १० वर्षांची बंदी लागत नाही. लग्नाला २ वर्षं झालेली नसतील तर आधी २ वर्षांचं कार्ड, मग पक्कं, आणि कार्ड मिळाल्यापासून ३ वर्षं सोबत राहिले की सिटिझनशिपचा अर्ज. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, माझ्या कपाटात अशा फायली आहेत.

पण लग्न खरं हवं. खोटं निघालं तर पुढे आयुष्यात कोणीही त्याच्यासाठी अर्ज केला तरी मंजूर होत नाही. चार वर्षांचं प्रेम असेल तर त्याचे फोटो, भाड्याचं ॲग्रीमेंट, एकत्र खातं, हे सगळं आपोआप असतं. मुलाला सांग, ज्याला लग्न करायचंच आहे त्याने कार्डाच्या भीतीने न करणं हेही कार्डासाठीच झालं की.

आता भाचीचं. ती २१ झाली की आईवडिलांसाठी अर्ज करू शकते आणि तेही शिक्क्यावर आले असल्यामुळे त्यांचं इथेच होऊ शकतं. पण भावाचं नाही! भाऊ वेगळ्या कॅटेगरीत, तिथे भारतासाठी दीड-दोन दशकांची रांग, आणि त्या कॅटेगरीला ओव्हरस्टे (मुदत संपल्यावर राहणं) माफ नाही. म्हणजे ज्यांनी त्याला आणलं त्यांचे कागद होतील आणि ज्याला कडेवर आणलं तो राहील. वन्संना हे आत्ताच सांगा. त्यांचं कार्ड झाल्यावर माफीचा एक लांबचा रस्ता उघडतो, पण तो वकिलाकडूनच समजून घ्या, इथे लिहिण्यासारखा नाही.

अजून दोन गोष्टी, या फार महत्त्वाच्या. एक, न्यूजर्सीत २०२१ पासून स्टेटस नसलं तरी लायसन्स मिळतं, काढलं असेलच. तिथे मतदार नोंदणीचं विचारतात, तिथे चुकूनही हो म्हणायचं नाही. दोन, नोकरीला लागताना भरतात त्या आय-९ फॉर्मवर "मी सिटिझन आहे" हा चौकोन कधी टिक केलेला नाही ना हे त्याला एकट्याला बसवून विचार. ओव्हरस्टे माफ होतो, सिटिझन असल्याचा खोटा दावा जवळजवळ कधीच होत नाही. चांगल्या चांगल्या केसेस एका टिकमार्कने बुडालेल्या बघितल्यात.

नवसारीकर (सोमवार, रात्री ११:३३)

मराठी टायपिंग स्लो आहे माझं, सॉरी. मी स्वतः डाकावाला. आमचं घर नवसारीचं पण घरात मराठी. १९९८ ला मी ८ वर्षांचा होतो, मेक्सिकोच्या बाजूने आलो, शिक्का बिक्का काही नाही. शाळेत कधी कोणी विचारलं नाही, १९८२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे की बारावीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेत घ्यायलाच लागतं. मला कळलं १६ व्या वर्षी, सगळे मित्र ड्रायव्हिंगच्या परमिट टेस्टला गेले आणि पप्पा म्हणाले तू नको जाऊ. मी म्हटलं का. तेव्हा सांगितलं. त्या दिवशी मी पप्पांशी बोललोच नाही, आणि पुढचे बरेच महिने.

डाकाचे अर्ज ज्या दिवशी घ्यायला लागले तो दिवस होता १५ ऑगस्ट २०१२. मम्मी म्हणाली स्वातंत्र्यदिन आहे, चांगला मुहूर्त. मी पहिल्याच आठवड्यात टाकला. सोशल सिक्युरिटी नंबर (नोकरी-टॅक्सला लागतो तो) आला तेव्हा मम्मीने ते कार्ड देवासमोर ठेवलं होतं.

वसुधाताई म्हणतात तो फरक मी भोगलाय. माझी बायको सिटिझन, २०१९ ला लग्न झालं, तरी माझं इथे होत नव्हतं कारण मी तपासणी करून आलो नव्हतो. मग वकील म्हणाली ॲडव्हान्स पॅरोल घे. डाका असलेल्यांना शिक्षण, काम किंवा घरचं आजारपण यासाठी परवानगी घेऊन बाहेर जाता येतं, आणि त्या कागदावर परत आलं की ती कायदेशीर एंट्री धरतात, १० वर्षांची बंदी पण लागत नाही. २०२३ ला आजी सिरीयस होती. २५ वर्षांनी गेलो. ११ दिवस. आजीने ओळखलं नाही, मला पप्पांच्या नावाने हाक मारत होती, मी ओ देत होतो. परत येताना एअरपोर्टवर दोन तास बसवलं, हात थरथरत होते, मग शिक्का मारला. त्या शिक्क्यावर माझा ग्रीन कार्डचा अर्ज गेलाय आता.

पण आता कोणी माझं वाचून जाऊ नका प्लीज. तेव्हाची गोष्ट वेगळी होती, आणि तुमच्या भाच्याचं डाका मंजूरच नाही त्यामुळे त्याला हे लागूच नाही. त्याच्याकडे शिक्का आहे ताई, तो लकी आहे, त्याला सांगा.

सदाशिव_पेठी (मंगळवार सकाळ, भारतीय वेळ)

इकडून एक वेगळा मुद्दा. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं, त्यात तीन जण महाराष्ट्रातले होते. हातापायात बेड्या वगैरे बघून आपल्याकडे बराच संताप झाला. पण आपल्या स्वतःच्या कायद्याचं काय? २००३ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे ३ डिसेंबर २००४ पासून, भारतात जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांपैकी एक जरी बेकायदेशीर स्थलांतरित असेल तर ते मूल भारतीय नागरिक नाही. इथे जन्मलेलं असूनही! लहानपणी आणलेल्यांची तर बातच सोडा, २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात (सीएए) जे बसतात ते सोडले तर त्यांना अर्जच करता येत नाही. मृणालताईंच्या भाचीला निदान जन्माने मिळालं. दुसऱ्याच्या दारात न्याय मागताना आपलं दार बघावं इतकंच.

रांगेतला_माणूस (सोमवार, रात्री ११:५०)

सदाशिवराव मुद्दा बरोबर, पण धागा भरकटवू नका, सीएएवर आधीच ४०० प्रतिसादांचा धागा आहे तिकडे जा.

नवसारीकर, तुमचं वाचून सकाळचं माझं जरा जास्तच झालं असं वाटलं. लिहिलं ते मागे घेत नाही, पण त्या आठ वर्षांच्या पोराला कोणी विचारलं होतं सीमा ओलांडू का म्हणून. माझ्या मुलीलाही नाही विचारलं म्हणा.

वसुधाताई, मुलीचं वय गोठवायचा काही नियम आहे म्हणतात तो काय?

वसुधा_पेपरवाली (मंगळवार, सकाळी ८:४५)

आहे, २००२ चा कायदा आहे, पण त्यात वयातून फक्त तुमची आय-१४० (कंपनीने तुमच्यासाठी केलेला अर्ज) मंजूर व्हायला लागलेले दिवस वजा होतात, रांगेतली वर्षं नाही. आणि २०२५ च्या १५ ऑगस्टपासून हिशोब परत कडक केलाय, आता ग्रीन कार्ड खरंच कधी देणार त्या तारखांचा, म्हणजे फायनल ॲक्शनचा तक्ताच धरतात. एफ-१ चा अर्ज २१ च्या निदान सहा-आठ महिने आधी टाका, शेवटच्या महिन्यात धावाधाव नको. सविस्तर मला मेसेज करा.

एडिसनची_मृणाल (बुधवार, रात्री १०:१५)

मंडळी, अपडेट. तीन दिवस घरात शोधाशोध झाली. ट्रंका, फाइली, देवघराखालचा ड्रॉवर. मग वन्संना आठवलं की २००८ च्या सुमाराला इथे धाडी पडतायत अशी अफवा आली तेव्हा घाबरून तिघांचे जुने पासपोर्ट त्यांनी भारतात जाणाऱ्या कोणाबरोबर तरी साताऱ्याला पाठवून दिले होते! त्यांच्या भावाच्या, म्हणजे माझ्या दुसऱ्या दिरांच्या, बँक लॉकरमध्ये १७ वर्षं पडून आहेत. दिरांनी आज लॉकर उघडून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. भाच्याचा पाच वर्षांचा फोटो, दोन दात पडलेले, आणि मागच्या पानावर शिक्का. नेवार्क, बी-२ (व्हिजिटर व्हिसा), तारीख स्पष्ट वाचता येते. आय-९४ चं कार्ड मात्र नाही, नुसती स्टेपलची भोकं आहेत.

भाच्याला फोटो दाखवला. बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला मामी, हा कागद लॉकरमध्ये होता आणि मी बाहेर. आणि मग त्याने मैत्रिणीला फॉरवर्ड केला, तिने दातांवरून चिडवलं त्याला.

आय-९ वर कधी काही टिक केलेलं नाही, मी तीनदा विचारलं. वन्सं आज दुपारपासून विचारतायत की पोर्तो रिकोचे लोक भात खातात का. खातात म्हटलं, आपल्यापेक्षा जास्त.

दोन प्रश्न. आय-९४ नाही तर अडेल का? आणि पुढच्या महिन्यात आमच्या ओळखीच्या एक काकू येतायत पुण्याहून, त्यांच्याबरोबर पासपोर्ट मागवू का?

वसुधा_पेपरवाली (बुधवार, रात्री १०:४०)

शिक्का सापडला! दिरांना माझ्याकडून एक चहा.

आय-९४ नसलं तरी अडत नाही, शिक्का स्पष्ट असेल तर तोच पुरावा. शिवाय वकील सरकारकडे माहिती अधिकारात एंट्रीची नोंद मागवेल, वेबसाइटवर इतकं जुनं दिसत नाही. ते लगेच मागवायला सांग, वेळ लागतो.

काकूंबरोबर अजिबात नको. दुसऱ्याचा पासपोर्ट बॅगेत, आणि तो माणूस इथे स्टेटस नसलेला, एअरपोर्टवर विचारलं तर त्या बिचाऱ्या काय सांगणार? दिरांना सांग आधी सगळ्या पानांचा रंगीत स्कॅन करा, कोरी पानंसुद्धा, कव्हरसुद्धा, आणि तोपर्यंत लॉकरमध्येच राहू दे. मूळ पासपोर्ट कुठे, कधी, कसा पाठवायचा ते वकील ठरवेल. आणि लग्न झालं, अर्ज टाकला, तरी नुसता पेंडिंग अर्ज म्हणजे कवच नाही, इंटरव्ह्यूला वकील सोबत असल्याशिवाय त्या इमारतीत पाय ठेवायचा नाही. वकिलाचा लायसन्स नंबर राज्याच्या अधिकृत साइटवर तपासून मगच पैसे द्या, कन्सल्टंट नको, एकदा झालंय तेवढं पुरे.

चहाबिस्कीट (बुधवार, रात्री ११:०१)

लग्नाचं जेवण एडिसनला असेल तर आम्हालाही सांगा.